कानानं लावलेली डिश

आमच्या दुकानात दोन गोष्टी साठतात. बिघडलेले रिमोट आणि किस्से. रिमोट वर्षातून एकदा भंगारवाला घेऊन जातो. किस्से कोणी नेत नाही, ते तिथंच पडून राहतात. शेवटी आमचा श्रीशैल म्हणाला, "तुला बोलता येत नाही ना? मग लिही की!" म्हणून हे लिहितोय.

आधी दुकान सांगतो. सोलापूरच्या नवी पेठेत कापडाच्या दोन मोठ्या दुकानांच्या मधल्या बोळात आमचं डिश बसवायचं आणि दुरुस्तीचं दुकान. मालक रशीदचाचा. पूर्वी ॲन्टेना बसवायचे, आता डिश. चाचांचं तोंड सकाळी शटरबरोबर उघडतं आणि शटरबरोबरच बंद होतं. श्रीशैल अक्कलकोटकडचा. गाडी चालवणं, वायर ओढणं, सगळ्या गिऱ्हाइकांशी हसून बोलणं ही त्याची कामं. आणि मी व्यंकटेश. छतावर चढणं माझं काम.

माझे वडील मागावर विणकर आहेत. आई टॉवेलच्या शिलाईला जात होती. मागाच्या खडखडाटात माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून तिथले लोक हातानं बोलतात. दोन बोटं कात्रीसारखी उघडली की 'धागा तुटला'. तळवा हवेत सपाट फिरवला की 'सलग चाललंय'. पाळी संपवून जाणारा विणकर तळवा छातीवर ठेवतो आणि मग मागाकडे उलटा करतो, म्हणजे 'माझा माग आता तुझा'. येणारा दोन बोटं कपाळाला लावतो, म्हणजे 'घेतला'. आमच्या घरी रागावणंसुद्धा हातानंच व्हायचं. त्यामुळे माझा आवाज लहानपणापासून वापरात आला नाही. नववीत शाळा सुटली तेव्हा बऱ्याच गोष्टींचं वाईट वाटलं, पण उभं राहून मोठ्यानं वाचायचं टळलं याचं खरं सांगतो, बरं वाटलं.

चाचांचे गुडघे आता जिने चढत नाहीत. मुलगी कलबुर्गीला बोलावते. मागच्या वर्षी ते म्हणाले, "श्रीशैलला दुकान नको, त्याला गाडी पाहिजे. तुझे हात चांगले आहेत व्यंक्या. पण दुकान हातावर नाही, तोंडावर चालतं! ज्या दिवशी तू छतावरून ओरडशील आणि खालच्या माणसाला ऐकू जाईल, त्या दिवशी चाव्या तुझ्या. नाहीतर मोबाईलची कव्हरं विकणारा तो पोरगा कधीचा जागा मागतोय."

मला दुकान हवं होतं. फार हवं होतं. पण हेही मी चाचांना तोंडानं सांगितलं नव्हतं!

*

डिश बसवताना एक माणूस छतावर असतो आणि एक टीव्हीसमोर. वरचा डिश केसभर हलवतो आणि ओरडतो, "आलं का?" खालचा ओरडतो, "आलं!" नाहीतर, "गेलं!" हीच आमच्या धंद्याची सगळी भाषा.

माझ्या पहिल्या एकट्याच्या कामाला घरात फक्त एक मावशी होत्या. मी वरून विचारलं, "आलं का?" खाली शांत. पुन्हा विचारलं. शांत. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा खालून आवाज आला, पण तो कडीचा होता. मावशींना वाटलं, पोरगं काम करून गेलं. त्यांनी गच्चीचं दार लावलं आणि भाजीला गेल्या!

उन्हात दीड तास बसलो. हाक मारावी असं बऱ्याचदा मनात आलं. दरवेळी वाटलं, आता येतीलच, कशाला उगाच गोंधळ. शेवटी शेजारच्या गच्चीवर मिरच्या वाळत घालायला एक काका आले.

"काय रे, चोर का?"

मी मान हलवली. नाही.

"मग ओरडायचं की!"

चाचांना हे कळलं तेव्हा ते कपाळाला हात लावून म्हणाले, "या अल्ला! चोरसुद्धा पकडल्यावर तुझ्यापेक्षा जास्त बोलतो!"

एक मात्र आहे. त्या दीड तासात मी करणार काय? डिशच नीट करत बसलो होतो. त्या घरची डिश आजवर हललेली नाही.

*

महिन्याला पैसे भरावे लागत नाहीत अशा फुकटच्या डिशमध्ये यादीच्या अगदी शेवटी रेडिओची चॅनेलं असतात. मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू. कुठं नुसती गाणी, कुठं बातम्या. ती लावली की पडद्यावर नुसतं नाव येतं, चित्र येत नाही. पुष्कळांना हे माहीतच नसतं. चुकून बटण दाबलं जातं आणि आम्हाला फोन येतो, "टीव्ही गेला, पण आतून बाई बोलते!"

या चॅनेलांनी मला वाचवलं. एकदा असंच घरात कोणी मदतीला नव्हतं. मी बॉक्स गाण्यांच्या चॅनेलवर टाकला, आवाज पूर्ण मोठा केला आणि छतावर गेलो. डिश सरकवली तर काहीच नाही. अजून थोडी, काहीच नाही. आणखी थोडी, आणि खालून बासरी आली! जरा पुढं गेलो तर बासरी अडखळली, तुकडे झाले. मागं आलो तर सलग. नट आवळून टाकला. कोणाला एक शब्द विचारावा लागला नाही.

त्या दिवसापासून मी डिश कानानं लावतो. एका निवृत्त मास्तरांनी तक्रार केली, "चित्र येत नाही म्हणून बोलावलं, आणि तुमचा माणूस माझ्या गच्चीवर बसून गाणी ऐकतोय!"

चाचा म्हणाले, "मास्तर, लोक गाणं लागल्यावर डोलतात. आमचा हा आधी डोलतो, मग गाणं लागतं!"

मास्तर हसले. पण मास्तर गेल्यावर चाचा माझ्याकडे वळले, "हे ओरडण्यात धरत नाही हं."

*

पूर्व भागातल्या एका अम्मा घरी विड्या वळतात. आमच्यासारख्याच तेलुगू घरातल्या. त्यांच्या टीव्हीचा पडदा जळून गेलेला, पण आवाज चांगला. दिवसभर त्यावर तेलुगू रेडिओ चालू. मी डिशची वायर बदलायला गेलो होतो. काळा पडदा बघून मला वाईट वाटलं. दुकानात त्याच मापाचा जुना पडदा पडून होता. दुसऱ्या दिवशी जाऊन, त्यांनी न सांगता, बसवून दिला. एकदम स्वच्छ चित्र! अम्मांनी माझ्या तोंडावरून हात फिरवला. गल्लीतल्या चार बायका सुपं घेऊन विड्या वळायला तिथंच येऊन बसल्या. मी खुशीत परत आलो.

चार दिवसांनी अम्मा स्वतः दुकानात आल्या. रागानं लाल.

"ते चित्र काढून टाक!"

चाचा म्हणाले, "का हो अक्का, खराब दिसतं का?"

"चांगलं दिसतं! हेच तर वाईट आहे की! सगळ्या जणी वर बघतात, हात खाली थांबतात. माझी विडी काल दोन्ही तोंडांनी उघडी निघाली. रेडिओ लागला की कान कामाला लागतो, हात मोकळे राहतात. चित्राला कोण बोलावलं होतं?"

मी जाऊन पडदा काढून आणला. चाचा आठवडाभर येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत होते, "इतक्या वर्षांत पहिल्यांदा केलेली दुरुस्ती परत काढायला बोलावणं आलं! आणि याची चूक काय? आधी विचारलं नाही. 'अम्मा, चित्र पाहिजे का?' चार शब्द! तेवढे खर्च झाले नाहीत याच्यानं!"

ते बोलणं मला लागलं. चार शब्द खरंच लागत होते.

*

मंगळवेढ्याकडच्या एका वस्तीवर मेंढपाळ आजोबांची डिश बसवायची होती. घरात टीव्ही नव्हता. आजोबांनी बॉक्सला एक मोठा स्पीकर जोडून मागितला, आणि स्पीकर मेंढ्यांच्या वाड्याच्या कुंपणावर टांगायला लावला.

श्रीशैलनं विचारलं, "आजोबा, मेंढ्यांना गाणी ऐकवताय का?"

"मेंढरांना न्हाय बाबा. लांडग्याला. माणसाचं बोलणं चालू असलं की त्यो जवळ येत न्हाय. रेडिओ बोलत ऱ्हातो, मी झोपतो."

मी चांगलं गाण्यांचं चॅनेल लावून दिलं. आजोबा जोरजोरात हात हलवू लागले.

"गाणी नगं! बातम्या लाव. गाण्याला लांडगा थांबून ऐकतोय!"

पुढं महिन्याभरानं त्यांचा फोन आला. रिमोट मेंढीनं चघळला होता आणि बॉक्स संस्कृत बातम्यांवर अडकला होता. श्रीशैल म्हणाला, "उद्या येऊन बदलून देतो आजोबा. तुम्हाला त्रास होत असेल, काही कळत नसेल."

आजोबा म्हणाले, "बदलू नगंस. मला कळत न्हाय, पर लांडग्यालाबी कळंना! लई घाबरतंय ते!"

*

एका काकांचा फोन दर सोमवारी आणि गुरुवारी यायचा. "सकाळी रेडिओ चालतो, दहाला जातो, दुपारी तीनला आपोआप येतो!" मी पहिल्यांदा गेलो तेव्हा दुपारचे चार वाजले होते. सगळं ठीक. दुसऱ्यांदा अकरा वाजता गेलो आणि छतावर चढलो. बघतो तर डिशवर ओली चादर वाळत घातलेली! सोलापुरी, जाड, दोघांना पुरेल अशी. ओल्या कापडातून सिग्नल येत नाही. वाळली की येतो. सोमवार आणि गुरुवार हे त्यांच्या घरी चादरी धुवायचे वार.

मागं काकू उभ्या होत्या. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. मग हात जोडले. काका जरा तापट होते, हे मला जिन्यातच कळलं होतं.

मी खाली आलो. काकांनी विचारलं, "काय होतं?" मी म्हणालो, "बघतो." आणि निघून आलो.

काकांनी चाचांना फोन केला, "तुमच्या त्या मुलाला काहीएक येत नाही!"

चाचांनी मला खोदून खोदून विचारलं. मी सगळं सांगितलं. चाचा थोडा वेळ गप्प बसले, हा आमच्याकडे विक्रम आहे. मग काकांना फोन लावून म्हणाले, "आमचा मुलगा परत येईल. तुमच्या छतावर एक खांब कमी आहे. तो रोवला की काम होईल." मी जाऊन खांब रोवला आणि त्याला दोरी बांधली. काकूंच्या चादरी तिकडे गेल्या. रेडिओ अखंड चालू झाला.

काका अजून सगळ्यांना सांगतात, "डिशला अर्थिंगचा खांब लागतो. तो नसला की सिग्नल जातो!" त्यांच्या गल्लीत आम्ही आजवर तीन खांब रोवलेत.

*

आता अक्कलकोट रोड एमआयडीसीतला किस्सा.

तिथं एका टॉवेल-चादरीच्या कारखान्यात शिलाईच्या खोलीतल्या बायकांनी रेडिओ मागितला होता. मोबाईल हातात घेतला की मशीन थांबते म्हणून मालकानं मोबाईल बंद केले होते, मग रेडिओला मालकालाच हो म्हणावं लागलं. साधा रेडिओ यंत्रांच्या मध्ये खरखरतो, म्हणून डिश. स्पीकर शिलाईच्या खोलीत लागणार होता, पण भिंतीपलीकडे मागांची ओळ.

चाचा त्या दिवशी स्वतः आले. कलबुर्गीचं तिकीट पुढच्या आठवड्याचं होतं. पत्र्याखाली उभे राहून म्हणाले, "आज शेवटची परीक्षा. तू वर, मी खाली. गाणं लावून कानानं चालणार नाही, मागांत काही ऐकू येत नाही. ओरडावंच लागेल. आणि ऐक, कव्हरवाला उद्या सकाळी उत्तर मागतोय."

मी शिडी चढलो. वर गेल्यावर ठरवलं, आज ओरडायचं. डिश सरकवली, छाती भरून घेतली आणि आयुष्यात ओरडलो नव्हतो इतक्या जोरात ओरडलो, "आलं का?"

मला स्वतःलाही ऐकू आलं नाही!

चाचा अंगणात येऊन वर तोंड करून काहीतरी ओरडले. नुसते दात दिसले. मी ओरडलो. ते ओरडले. मी अजून ओरडलो. पंधरा मिनिटांत चाचांचा चेहरा लाल झाला. त्यांनी मुकादमाला हातानं विचारलं, माग दोन मिनिटं थांबवता का? मुकादमानं जोरात नकाराची मान हलवली. मध्येच माग थांबला की कापडावर पट्टी उठते. सुट्टीच्या दिवशी यावं, तर त्या दिवशी सगळा मेन स्विच बंद.

तेवढ्यात लाईट गेली.

सगळे माग एकदम थांबले. इतकी शांतता झाली की लांबच्या रस्त्यावरचा रिक्षाचा हॉर्न ऐकू आला. चाचांना वाटलं, देवानंच ऐकलं. ते घोगऱ्या आवाजात ओरडले, "आता! आता ओरड व्यंक्या!"

आणि मी ओरडलो, "आऽऽलं काऽऽ?"

सबंध कारखान्यानं ऐकलं. शेजारच्या कारखान्यातले दोघे बाहेर आले. चाचांचा चेहरा उजळला. मग हळूहळू पडला.

"अरे, लाईट गेली! कुठनं येणार?"

अख्खी पाळी हसली. मीसुद्धा हसलो. हसता हसता पत्र्यावरच बसलो आणि खाली लक्ष गेलं. शिलाईच्या खोलीवर पत्र्यात एक काच होती, अर्धी फुटलेली. तिथून बॉक्स दिसत होता, स्पीकर दिसत होता आणि स्पीकरला लागून बसलेली एक अक्का दिसत होती. तिनं वर माझ्याकडे बघितलं आणि दोन बोटं कात्रीसारखी उघडली.

धागा तुटला.

लाईट आली. माग सुरू झाले. मी काचेतून दोन्ही हात आत घातले आणि तिला सांगितलं : कान स्पीकरला लाव. मी हलवतो. धागा तुटला की सांग, सलग आला की सांग. एवढं सगळं सांगायला मला दहा सेकंदं लागली. तोंडानं कधीच जमलं नसतं.

अक्कानं मशीन बंद केली, स्पीकरला कान लावला आणि एक हात वर धरला. मी डिश सरकवली. काही नाही. थोडी अजून. कात्री. जरा डावीकडे. कात्री. केसभर वर. कात्री, कात्री, आणि मग तिचा तळवा हवेत सपाट फिरला. लांबलचक. खोलीतल्या बाकीच्या बायकाही उठून स्पीकरभोवती आल्या, आणि सगळ्यांचे तळवे हवेत सपाट फिरू लागले.

चाचा खोलीच्या मधोमध उभे होते. एकदा तिच्या हाताकडे, एकदा माझ्या हाताकडे बघत होते. त्यांचे ओठ हलत होते, "काय बोलताय? काय बोलताय तुम्ही?" कोणी त्यांच्याकडे बघत नव्हतं.

मी खाली उतरलो तेव्हा पाळी बदलत होती. दारातून जाणाऱ्या एका विणकरानं तळवा छातीवर ठेवला आणि मागाकडे उलटा केला. येणाऱ्यानं दोन बोटं कपाळाला लावली. चाचांनी माझा दंड धरला आणि भुवया उडवून विचारलं, हे काय? मी त्यांच्या कानाला तोंड लावून, पूर्ण आवाजात, सगळं सांगितलं.

संध्याकाळी आम्ही दुकानात परत आलो. श्रीशैल वाटच बघत होता.

"काय झालं चाचा? ओरडला का हा?"

चाचांनी तोंड उघडलं. आवाज पार बसला होता. नुसती हवा आली. त्यांनी खिशातून चाव्यांचा जुडगा काढून काउंटरवर ठेवला, उजवा तळवा छातीवर ठेवला आणि सावकाश शटरकडे उलटा केला.

श्रीशैल ताडकन उठला, "यप्पा! चाचा, छातीत दुखतंय का? व्यंक्या, बघतोस काय, रिक्षा बोलव!"

मी दोन बोटं कपाळाला लावली.